दुसरी तार

त्या सकाळीही वग्दीनं नेहमीप्रमाणे एका मोठ्या माणसाला उठवलं. नाट्यगृहात वर स्पीकरांचा घोस चढत होता, साखळीचं यंत्र कुरकुरत होतं, आणि बरोबर त्याच्या खाली एक नामांकित गायक खुर्ची टाकून चहा पीत बसले होते. वग्दीनं त्यांना अदबीनं सांगितलं की दुसरी तार लागेपर्यंत इथे कुणी बसत नाही.

"मी कोण आहे ठाऊक आहे का?" गायकांनी विचारलं.

"आहे. म्हणूनच उठवतोय."

गायक खूश झाले आणि खुर्ची घेऊन बाजूला गेले. मोठ्या माणसांना जीव वाचण्यापेक्षा ओळख पटण्याचं महत्त्व जास्त असतं, हे वग्दी त्या नोकरीत शिकला होता.

जड वस्तू माणसांच्या डोक्यावर टांगणं आणि त्या तिथेच राहतील हे पाहणं, एवढंच त्याचं काम. त्याचे नियम साधे होते. पेटीच्या आतल्या लोखंडी चौकटीत पक्के पिळून बसवलेले बोल्ट, त्यांत अडकवलेली कडी, त्या कडीवर ती किती वजन पेलेल याचा ठसा, आणि कडीची खीळ फिरून निसटू नये म्हणून तिला बांधलेला बारीक तारेचा वाळा. एवढं झालं की एक वेगळी पोलादी तार, वेगळ्या जागी अडकवलेली. पहिली सगळा भार घेते. दुसरी काहीच घेत नाही, ती नुसती असते. सरकारी कचेरीतली बरीच माणसंही नुसती असतात, पण वग्दीला त्यांच्याबद्दल काही वाटत नसे. दुसऱ्या तारेबद्दल मात्र त्याला जिव्हाळा होता.

संध्याकाळी काम संपलं की तो हेल्मेट कपाटात ठेवायचा आणि बसनं नाईलकाठच्या इम्बाबा वस्तीतल्या घरी यायचा. जीभही तो बहुधा त्याच कपाटात ठेवून येत असावा, कारण सक्क्याच्या गल्लीत त्याचं तोंड फक्त जेवायला उघडायचं.

घरी त्याची आई इन्साफ पलंगावर मोठं तबक घेऊन मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती. पुढच्या गुरुवारी त्याचं लग्न होतं, त्यामुळे ती एकाच वेळी पानं खुडत होती, नवरीकडच्यांची उणीदुणी काढत होती आणि खिडकीतून खालच्या माणसाला बर्फाची ऑर्डर देत होती. तिनं सांगितलं की मामा जेवायला येणार आहे. आणि सावलीचं आजच ठरवायचं आहे.

सावली म्हणजे स्पीकर. सक्क्याच्या गल्लीत कुणी गेलं की मांडव पडतो, खुर्च्या लागतात आणि कुराणाचं पठण जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरांतून होतं. म्हणून जमिनीवरचा स्पीकर मयताचा. लग्नाचा स्पीकर वर हवा. समोरासमोरच्या दोन सज्ज्यांवर लोखंडी नळी आडवी टाकायची आणि नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या थेट वर भली थोरली पेटी लोंबकळवायची. ती त्या जोडप्याची सावली. "तुमच्या लग्नात सावली केवढी होती?" असं बायका एकमेकींना विचारत, आणि जिची लहान असेल ती विषय बदलून नणंदेकडे वळत असे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात तांबटाच्या मुलाच्या लग्नात ही सावली खाली आली होती. नवरा-नवरी फोटोसाठी उठले होते, म्हणून वाचले. शेजारी झुबैदा होती, ती नाही वाचली. म्हणजे जिवानिशी वाचली, पण खांदा आणि जबडा गेला. गल्लीतलं एकही लग्न झुबैदाच्या झग्रूत्याशिवाय झालं नव्हतं. बायका आनंदानं जीभ नाचवून जो कल्लोळ करतात, तो करावा तर झुबैदानंच. तिचा झग्रूता नदीपलीकडे ऐकू जातो असं लोक म्हणायचे. आता ती खिडकीत बसून पातळ डाळ प्यायची आणि लग्नाची मिरवणूक आली की हात हलवायची.

गल्लीनं या प्रकरणाचा अगदी मुळापासून विचार केला. पेटी साखळीनं तिच्या कडेच्या मुठींना बांधली होती. त्या मुठी दोघांनी धरून पेटी उचलण्यासाठी असतात, टांगण्यासाठी नाहीत, पण हे कुणाला सुचलं नाही. सगळ्यांचं एकमत झालं की झुबैदाला नजर लागली, आणि साखळी अपशकुनी होती. मग सुधारणा झाल्या. पेटीवर संत्र्याएवढा निळा मणी बांधायचा, आणि साखळीच्या जागी मुअल्लिम बदवींचा आकडा वापरायचा.

मुअल्लिम बदवी म्हणजे वग्दीचा मामा. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मटणाचं दुकान, आणि कसबी दुकानदाराला तिथे मानानं मुअल्लिम म्हणत. वग्दीचे वडील गेल्यावर मामानंच घर चालवलं होतं. दर शुक्रवारी कलेजीचा वाटा न चुकता घरी यायचा आणि वग्दीच्या शाळेचे बूट मामानंच घेतलेले होते. आकडा त्यांच्या वडिलांपासूनचा, दुहेरी वाकवलेला, माणसाच्या मनगटाएवढा जाड. ईदला गल्लीभरचं वासरू सोलायला त्यालाच टांगत. इतक्या वर्षांच्या कुर्बानीनं त्यात बरकत मुरली आहे याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

रात्रीच्या जेवणाला मामा आले ते आकडा फडक्यात गुंडाळून घेऊनच. जेवण झालं, चहाचे ग्लास आले, आणि मामानं फडकं उलगडून आकडा तबकात ठेवला. हुंड्यातला दागिना दाखवावा तसा.

"तुझ्या डोक्यावर माझ्या बापाचा हात असेल," ते म्हणाले.

वग्दीनं आकडा हातात घेतला. तोंड उघडं. निसटू नये म्हणून जी जीभ असते ती नाही. किती पेलेल याचा ठसा नाही. त्यानं ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मामासमोर कामावरची भाषा बोलला. म्हणाला, आकडा आहेच, पण मी नाट्यगृहाला सामान पुरवणाऱ्या दुकानदाराकडून एक ठसा असलेली कडी आणतो. आणि बरोबर एक तार.

"तार कशाला?"

"आकडा सुटला तर."

इन्साफनं आधी खिडकी बंद केली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मग कपाळावर हात मारला.

"लग्नघरात 'सुटला तर'? आणि एक टांगलेलं असताना वर दुसरी तार? तुला ठाऊक नाही दुसरी तार म्हणजे काय ते? सवत. अजून पहिली घरात आली नाही, आणि हा दुसरीची सोय करतोय."

त्याच आठवड्यात त्याच खोलीत दोन्ही घरची माणसं बसून नवरीच्या सामानाची यादी करून गेली होती: फ्रिज, गाद्या, चमचे, नळाखालची बादलीसुद्धा. लग्न मोडलं तर काय कुणाचं, ते नीट लिहून, सह्या करून, सरबत पिऊन मंडळी हसत गेली होती. तेव्हा कुणाला अपशकुन वाटला नव्हता. वग्दीच्या मनात हे आलं. पण तोंडात चहा होता.

मामा रागावले नाहीत, दुखावले. दुखावलेला खाटीक रागावलेल्या खाटकापेक्षा वाईट. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि गल्लीत पुरुषमाणसं भाजीचा भाव ठरवतानाही घेतात ती शपथ घेतली.

"हा आकडा तुझ्या लग्नात टांगला नाही तर माझ्या बायकोला तलाक."

बायको, म्हणजे हुस्निया मामी, शेजारीच बसून बडीशेप चघळत होती. तिनं वग्दीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, कंटाळा होता. वर्षभरात तिला टोमॅटोवरून, फुटबॉलवरून आणि एकदा पावाच्या रांगेवरून तलाक मिळता मिळता राहिला होता.

वग्दी म्हणाला, "ठीक आहे, मामा."

दोन दिवसांनी तो आणि त्याची होणारी बायको हुवैदा नाईलकाठी उसाचा रस पीत उभे होते. हुवैदा औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची, आणि तिला अर्धवट उत्तरं ओळखायची सवय होती. लोक तिच्याकडे "शेजाऱ्याला खाज येते" असं सांगत मलम मागायचे. आकड्याचं तिच्या कानावर आलं होतं, आणि गायकाला उठवल्याचं वग्दीनंच आत्ता सांगितलं होतं. तिनं विचारलं, की तुझ्या कामावर असंच टांगतात का.

"कामावरचं वेगळं."

"काय वेगळं? तिथे डोकी मऊ असतात?"

वग्दीनं नळी ग्लासात फिरवली. म्हणाला, इन्शाल्ला काही होणार नाही.

"वग्दी, मी दिवसभर बाटल्यांची झाकणं घट्ट लावते," ती म्हणाली. "देवावर विश्वास आहे म्हणून उघड्या ठेवत नाही."

तो हसला. ती हसली नाही, पण तिनं पुढे विचारलंही नाही. ती लग्नाआधीची शेवटची भेट होती आणि तिला ती भांडणात घालवायची नव्हती.

गुरुवार आला. दुपारी वग्दी न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता आणि समोरच्या आरशात त्याला सगळी गल्ली उलटी दिसत होती. त्या उलट्या गल्लीत डीजे उस्ता फिक्री पेटी चढवत होता. सज्ज्यांच्या कठड्यांवर नळी ठेवली होती आणि काथ्यानं बांधली होती. कठडे म्हणजे कपडे वाळत घालायचे कठडे. पेटीच्या दोन मुठींतून दोर ओवला, दोर आकड्यात, आकडा नळीला. शेवटी निळा मणी. चार माणसांनी ओढून पेटी वर नेली, सोडली, आणि ती गोल फिरत राहिली.

"मान हलवू नकोस," न्हावी म्हणाला.

वग्दीनं मान ताठ केली. पेटी आरशातून बाहेर गेली आणि फिरून परत आली. मुठींना धरणारे स्क्रू किती बारीक असतात ते त्याला ठाऊक होतं. त्याचे हात चादरीखाली हलायला लागले. न्हाव्यानं वस्तरा बाजूला ठेवून विचारलं, की नवरदेवाला मुंग्या चावताहेत का. दुकानात हशा झाला. वग्दीही हसला, आणि हसताना त्याला वस्तऱ्याचा एक बारीक ओरखडा बसला. गालावर कापूस चिकटवून तो लग्नाला उभा राहिला.

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली. नंतर ढोल वाजले, मिरवणूक आली, झुबैदानं खिडकीतून हात हलवला, आणि नवरा-नवरी सोनेरी खुर्च्यांवर सावलीखाली बसले. उस्ता फिक्रीनं कळ दाबली.

नाट्यगृहात वग्दी हा आवाज बाजूनं ऐकायचा. खालून त्यानं तो कधी ऐकला नव्हता. तो कानांत येत नव्हता, खुर्चीतून मणक्यात चढत होता. दर ठोक्याला मणी थरथरे, नळी कठड्यावर कणभर सरके, आणि सज्ज्याचा रंग पांढऱ्या भुकटीसारखा खाली भुरभुरे. हुवैदाच्या जाळीदार पदरावर ती भुकटी पडली. तिनं ती झटकली. पुन्हा पडली.

वग्दी हसून लोकांना सलाम करत होता आणि दर सलामाला वर पाहत होता.

"बसल्यापासून तू माझ्याकडे एकदा बघितलंस," हुवैदा ओठ न हलवता म्हणाली, कारण समोर फोटोवाला होता. "त्याच्याकडे किती वेळा?"

त्यानं फोटोवाल्याला सलाम केला.

"तुझ्या कामावर याच्याखाली कुणाला बसवशील का?"

"नाही."

"त्या गायकाला?"

"नाही."

"मग मला का बसवलंस?"

या प्रश्नाला वग्दीकडे तीन उत्तरं होती: मामा, अम्मा आणि लोक. तिन्ही खरी होती. पदरावरच्या भुकटीकडे बघताना त्यातलं एकही त्याच्या तोंडातून निघेना. तो उठला. हुवैदाचा हात धरून त्यानं तिलाही उठवलं, बाजूच्या एका दाराच्या पायरीवर नेऊन उभं केलं, आणि आहेराची नावं पुकारणाऱ्याच्या हातातून माइक घेतला. त्यानं गाणं बंद करायला लावलं. मग नाट्यगृहात म्हणायचा तेच म्हणाला, त्याच स्वरात:

"याच्याखाली कुणी बसायचं नाही. सगळ्यांनी बाजूला व्हा."

कुणीतरी विचारलं, बॉम्ब आहे का. बॉम्ब नाही म्हटल्यावर लोकांची थोडी निराशा झाली आणि कुजबूज सुरू झाली.

मामा गर्दीतून पुढे आले. नव्या पायघोळ गलाबियाची बाही सावरत त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, की हा काय तमाशा आहे.

"मामा, पेटी खाली घेतो."

"माझ्या आकड्याला बोललास तर मला बोललास. ईदचं अख्खं वासरू त्याला टांगतो मी. कधी पडलं?"

"नाही पडलं, मामा. पण मेलेलं वासरू नाचत नाही." वग्दीचा आवाज फुटला, आणि माइक अजून चालू असल्यामुळे तो गल्लीभर फुटला. "ही पेटी नाचते. रात्रभर नाचणार. उघड्या तोंडाचा आकडा, उचलायच्या मुठी, कपडे वाळत घालायचा कठडा. मी हेच काम करतो, मामा. हे मी पहिल्या दिवसापासून बघतोय, आणि गप्प बसलोय. तुम्ही मला वाढवलंत म्हणून गप्प बसलो. पण तिला तुम्ही वाढवलेलं नाही. तिनं का बसायचं?"

मागे कुणीतरी वासराच्या वाक्याला हसलं आणि लगेच खोकला काढला. इन्साफ खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. वग्दीनं कोट काढून नवरीच्या भावाच्या हातात दिला, खालची जागा मोकळी करून घेतली, आणि उस्ता फिक्रीला बरोबर घेऊन पेटी उतरवली.

आता इथे काही तरी दिसायला हवं होतं. आकडा सरळ झालेला, मूठ अर्धी उखडलेली, दोर काचलेला. वग्दीनं पुन्हा पुन्हा पाहिलं. काहीच नव्हतं. मामानं आकडा हातात घेतला, दिव्याजवळ नेला, चारी बाजूंनी सगळ्यांना दाखवला, आणि फडक्यात गुंडाळून न जेवता निघून गेले.

उरलेलं लग्न जमिनीवरच्या स्पीकरांवर लागलं. गाणी तीच होती, पण म्हाताऱ्या बायका सवयीनं डोक्यावरून पदर ओढून घेत होत्या. हुस्निया मामीनं त्याच रात्री बोचकं बांधलं. सकाळी मशिदीतल्या शेखांनी निकाल दिला, की आकडा टांगला होता, मग उतरवला. शपथ टांगण्याची होती, टांगून ठेवण्याची नव्हती. मामी घरी जाऊ शकते. मामीनं बोचकं सोडलं नाही, नुसतं कपाटावर ठेवलं. म्हणाली, असू दे तयार, लागतंच.

त्यानंतर वग्दीला कळलं की टळलेल्या अपघातासारखी निरुपयोगी गोष्ट नाही. पेटी पडली असती तर गल्लीनं त्याला शहाणा म्हटलं असतं, हुवैदाच्या कबरीवर. पडली नाही, म्हणून तो घाबरट नवरा ठरला. चहाच्या दुकानात लोक त्याला बघून छताकडे बोट दाखवायचे: "पंखा आहे बरं का, जपून बस." मामानं बोलणं टाकलं. शुक्रवारचा वाटा मात्र येत राहिला, पण दाराला लटकवलेला. आई बोलायची, पण त्याच्याशी नाही. ती मुलुखियाशी बोलायची, तो ऐकेल अशा बेतानं.

"एवढं शिकवलं. बापाच्या जागी असलेल्या माणसाचं नाक चारचौघांत कापलं. पानं बघा कशी जून आलीत."

तरी वग्दीनं एक वेड लावून घेतलं. त्यानं पगारातून ठसा असलेल्या कड्या, बोल्ट आणि दोन पोलादी तारा घेतल्या, त्या कॅनव्हासच्या पिशवीत भरल्या, आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नाला पिशवी घेऊन जायला लागला. दुपारीच जाऊन यजमानांना विचारायचा, की मी बांधून देतो, फुकट. यजमान म्हणायचे, अल्ला तुला सुखी ठेवो, आणि त्याला सरबत द्यायचे. मग तो आणि हुवैदा गल्लीच्या टोकाला पिशवीशेजारी उभे राहायचे. हुवैदा म्हणायची, आपल्याला सगळे प्लंबर समजतात.

पण त्या टोकावरून त्यांना एक गोष्ट दिसायला लागली. वग्दीला हसणारी माणसं लग्नात येत, खुर्ची घेत, सहज वर पाहत, आणि खुर्ची जराशी सरकवत. कुणाला ऊन लागायचं, सूर्य बुडून गेलेला असताना. कुणाला फोटोत नीट यायचं असायचं. कुणी काही बोलत नसे. प्रत्येक लग्नात सावलीखाली एक मोकळं वर्तुळ तयार व्हायचं आणि दर लग्नाला ते थोडं मोठं व्हायचं. त्या वर्तुळाच्या मधोमध फक्त दोन खुर्च्या असायच्या, सोनेरी, आणि त्यांत बसलेल्यांना सरकायची मुभा नसायची.

मग मामाच्या मुलीचं, इब्तिसामचं लग्न ठरलं. मामानं गल्लीत अजून कुणी पाहिली नाही एवढी पेटी ठरवली. वग्दीला निरोप आला तो मामीकडून, की लग्नाला ये, पिशवी आणू नकोस. वग्दी गेला. पिशवी हुवैदाच्या हातात होती, आणि त्याबद्दल निरोपात काही नव्हतं.

मंडळी जमली होती, मिरवणुकीचे ढोल जवळ येत होते. आकडा वर, पेटी त्याला, मणी पेटीला. खाली नेहमीचं वर्तुळ, नेहमीपेक्षा मोठं. पहिल्या रांगेत, मुलीची आत्या म्हणून मानाच्या जागी, इन्साफ बसली होती. वग्दी दुरून बघत होता. तिनं वर पाहिलं. पर्स मांडीवर घेतली. खुर्ची मागे सरकवली, मग आणखी मागे, इतकी की मागच्या बाईनं पाय काढून घेतला. तेवढ्यात मिरवणुकीतून इब्तिसाम आली. तिला लहानपणी इन्साफनंच न्हाऊमाखू घातलं होतं. मुलगी हसत हसत वर्तुळ ओलांडून सोनेरी खुर्चीकडे निघाली.

इन्साफ उठली. लग्नाच्या वयाच्या मुलीलाही मागे टाकील अशा चालीनं ती गेली आणि नवरीच्या खुर्चीत स्वतः बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"आत्या, ती माझी खुर्ची," इब्तिसाम म्हणाली.

"माहीत आहे. तू तिकडे उभी राहा, आईजवळ."

मामा धावत आले. त्यांनी विचारलं, की इन्साफ, उन्हात डोकं फिरलंय का. सूर्य तेव्हाही बुडालेला होता.

"तुझ्या आकड्यात बरकत आहे ना? मग बसते मी त्याच्याखाली. तो दुसरी तार लावेपर्यंत बसते. पडायचं तर माझ्यावर पडू दे, माझं झालंय सगळं."

मामानं छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. "माझ्या बायकोला—"

हुस्निया मामीनं मागून येऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. बोचक्याची तिला आता खरोखरच हौस उरली नव्हती.

गर्दीतून एका म्हातारीनं टोमणा मारला. "इन्साफ, दुसरी तार म्हणजे सवत म्हणणारी तूच ना गं?"

"मीच," इन्साफ म्हणाली. "पण सवत दारातून येते. डोक्यात पडत नाही."

हशा झाला, पण ती हसली नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं. झुबैदा नेहमीसारखी बसली होती, मिरवणुकीसाठी उचललेला हात अजून तसाच वर होता.

"मी तिच्या शेजारी बसले होते त्या दिवशी," इन्साफ म्हणाली, आता कुणा एकाला नाही. "आम्ही सगळे म्हणालो नजर लागली. मीही म्हणाले. नजर लागताना मला काही दिसलं नाही. पेटी पडताना दिसली."

मुअल्लिम बदवींनी बायकोचा हात तोंडावरून बाजूला केला आणि मान वर केली. इतक्या लग्नांत आकडा त्यांनी दिला होता, पुसला होता, मिरवला होता. त्याच्या खाली उभं राहून वर असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ पाहिल्यावर ते लेकीकडे वळले, मग भाच्याकडे.

"पिशवी आणलीयस?"

"आणलीय."

"आणू नको म्हटलं होतं ना?"

"हो, मामा."

"मग उभा काय राहिलायस?"

वग्दी पिशवी घेऊन आला आणि आईला म्हणाला, की ऊठ. ती पर्सला म्हणाली, आधी तार. तो म्हणाला, तू बसलेली असताना पेटी खाली घेता येत नाही, आणि खाली घेतल्याशिवाय काहीच लावता येत नाही. इन्साफला यात काहीतरी लबाडी वाटली. तिनं भावाकडून कबूल करून घेतलं, तलाकच्या शपथेवर नाही, साध्या शब्दावर, आणि मगच उठली.

पेटी खाली आली. काम व्हायला वेळ लागला. सरबत कोमट झालं, नवरदेवाचा भाऊ दोनदा चिडला, ढोलवाले पायरीवर बसून बिया फोडत राहिले. वग्दीनं मुठींतला दोर काढला. पेटीच्या पाठीवर बोल्टसाठी कारखान्यानंच केलेली भोकं होती, इतकी वर्षं धूळ खात बुजलेली. ती त्यानं साफ करून त्यांत बोल्ट पिळले. नळी कठड्यांवरून काढून दोन्ही गच्च्यांच्या स्लॅबवर, भिंतीत जखडून घेतली. कड्या लावल्या, खिळींना वाळा बांधला. मामा खालून टॉर्च धरून उभे होते आणि कडीवरचा ठसा वाचायचा प्रयत्न करत होते. चष्मा घरी होता म्हणून जमलं नाही. शेवटी वग्दीनं दुसरी तार घेतली आणि ती वेगळ्या जागी, गच्चीच्या खांबाला, अडकवली. आकडा मामीनं फडक्यात गुंडाळला. ईदला लागणारच होता, आणि ते काम तो चांगलं करायचा.

फिक्रीनं कळ दाबली. पेटी वाजली. भुकटी पडली नाही.

इन्साफ खाली उभी राहून वर बघत होती. वग्दी शिडीवरून उतरून तिच्याजवळ आला. त्याच्या लग्नानंतर ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलली, मुलुखियाला मध्ये न घेता.

"जाड आहे ती भार घेते. आणि ती बारीक, ती काय करते?"

"काही नाही, अम्मा. नुसती असते."

तिनं पर्स काखेत मारली.

"असू दे," ती म्हणाली, आणि आपली खुर्ची ओढत ओढत पुन्हा पहिल्या रांगेत नेऊन ठेवली.